मदतीच्या मैफलीचा जमाखर्च

गेल्या महिन्यात आमच्या श्रवणगटात १९७१ सालचं न्यूयॉर्कच्या बांगलादेश मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुगलबंदी शांतपणे ऐकून झाली, अल्लारखांच्या तबल्याला दाद गेली, आणि मग इंग्लिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनची गिटार सुरू झाल्यावर खोलीत वाद पेटला. गटातल्या सगळ्यात लहान मुलाने ध्वनिमुद्रण थांबवायला सांगितलं. ज्या माणसाने पुढे भर सभागृहात स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली, त्याने निर्वासितांसाठी वाजवलेलं आपण कौतुकाने का ऐकायचं, हा त्याचा प्रश्न. त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ काका उसळून म्हणाले, ‘‘अरे, तो निदान वाजवायला गेला तरी. तू निर्वासितांसाठी काय केलंस?’’ तास गेला. एकाने क्लॅप्टनचं मन काळं ठरवलं, दुसऱ्याने सोन्याचं. उरलेलं ध्वनिमुद्रण ऐकायचं राहूनच गेलं.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो, आणि तो फक्त आमच्या खोलीपुरता नाही. कोणताही मोठा कलाकार कुणाच्या मदतीसाठी मंचावर उभा राहिला की आपण लगेच त्याच्या अंतःकरणात डोकावू लागतो. खरंच कळवळा आहे, की प्रसिद्धीची हौस? पापक्षालन, की पुण्यसंचय? माझं म्हणणं असं की, मदतीची मैफल हा एक सार्वजनिक व्यवहार आहे. लोक तिकीट काढतात, कुणीतरी वाजवतं, कुणाच्या तरी नावाने पैसा गोळा होतो. या व्यवहाराला विचारायचे प्रश्न दोन. वाजवणं तिकिटाच्या मोलाचं होतं का? आणि ज्याच्या नावाने पैसा जमला त्याच्यापर्यंत तो पोचला का? वादकाचं चारित्र्य हे वेगळं खातं आहे. तेही जरूर तपासावं, कठोरपणे तपासावं. पण एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करू नये, ना त्याच्या बाजूने, ना त्याच्या विरुद्ध.

आता त्या मुलाचा मुद्दा पुरता मांडते, कारण तो मांडला त्याहून जास्त बळकट आहे. १ ऑगस्ट १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले, मिळून चाळीसेक हजार माणसं आली. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी क्लॅप्टन त्यात वाजवला. पाच वर्षांनी, ऑगस्ट १९७६मध्ये, बर्मिंगहॅमच्या मंचावर दारूच्या नशेत त्याने परदेशी लोकांना देशाबाहेर काढा असं सांगितलं आणि स्थलांतरितांना विरोध करणारा राजकारणी इनॉक पॉवेल याची बाजू घेतली. बर्मिंगहॅममध्ये! ज्या शहरात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेले लोक गिरण्यांत, ओतशाळांत राबत होते, तिथे. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली आणि एप्रिल १९७८मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिचा प्रचंड मेळावा झाला. क्लॅप्टनने पुढे बऱ्याच वर्षांनी लाज वाटते असं कबूल केलं. पण तोवर ज्यांनी ते शब्द झेलले त्यांची उमेद, त्यांची रस्त्यावरची सुरक्षितता यांवर जे ओरखडे उमटायचे ते उमटले होते. ढाक्याजवळच्या गावातून पळून आलेल्या बाईसाठी वाजवायचं आणि तिचाच भाऊ बर्मिंगहॅमला पोचला की त्याला ‘चालता हो’ म्हणायचं, यात विसंगती आहे आणि ती झाकण्यात काही अर्थ नाही.

तरीही माझा प्रश्न उरतो. त्या विसंगतीमुळे १९७१च्या तिकीटखिडकीवरचा पैसा खोटा ठरतो का? त्या दोन कार्यक्रमांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. ते घेताना औषधाच्या बाटलीने विचारलं नाही की वाजवणारा कोण होता. आणि उलट बाजूने, त्या पैशामुळे १९७६चं भाषण माफ होतं का? तसूभरही नाही. त्या भाषणाला उत्तर मिळालं ते मंचावरूनच, व्हिक्टोरिया पार्कात, आणि ते तसंच मिळायला हवं होतं. आमचे काका म्हणतात तसं ‘निदान वाजवला तरी’ असं म्हणून आपण गुन्हा धुऊन काढतो. तो मुलगा म्हणतो तसं ‘वाजवणंच खोटं’ असं म्हणून आपण केलेलं काम पुसून टाकतो. दोघंही जमा आणि नावे एकाच रकान्यात लिहितात.

आपल्याकडे याचा एक जुना आणि फार बोलका दाखला आहे. ८ जुलै १९२१ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या रात्री दोघांच्या मनात काय होतं? देशप्रेम होतंच. पण दोघंही गायक नट होते, दोघांच्याही पाठीराख्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलेलं होतं, आणि आज कोण सरस ठरतो या प्रश्नाने थिएटर भरलं होतं. आजही त्या प्रयोगाची आठवण निघते ती बहुधा ‘कोणी कोणाला खाल्लं’ याच अंगाने. मग त्या चढाओढीमुळे स्वराज्य फंडातला पैसा कमअस्सल झाला का? असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. उलट चढाओढ होती म्हणूनच दोघांनी जीव ओतून गायलं, आणि जीव ओतून गायलं म्हणून लोकांना दिलेल्या पैशाचं समाधान मिळालं. अहंकार आणि दानत एकाच गळ्यात नांदू शकतात हे आपल्या पणजोबांना कळत होतं. आपणच ते विसरलो आहोत.

इथे मी माझ्या पहिल्या प्रश्नावर येते, कारण त्याकडे कुणीच लक्ष देत नाही. मदतीच्या कार्यक्रमात वाजवणं कसं होतं हे बोलणंच अशिष्ट मानलं जातं. ‘चांगल्या कामासाठी होतं ना, मग थोडं इकडेतिकडे चालायचंच.’ मला हे मुळीच मान्य नाही. देणगीच द्यायची असती तर लोकांनी घरी बसून दिली असती. तिकीट काढून आलेला माणूस ऐकायला आलेला असतो. त्याच्या पुढ्यात कच्चं काम ठेवणं म्हणजे दानाच्या नावाखाली केलेली फसवणूक. १९७१मध्ये क्लॅप्टन हेरॉइनच्या इतक्या विळख्यात होता की तो लंडनहून निघेल की नाही याचीच खात्री नव्हती. तालमींना तो नव्हता, अगदी शेवटच्या ध्वनिचाचणीला उगवला. ही मैफल भरवणाऱ्या बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचा मोठेपणा मला दिसतो तो इथे. त्याने मित्राची वाट पाहिली, पण त्याच्या भरवशावर कार्यक्रम टांगला नाही. जेसी एड डेव्हिस या गिटारवादकाला त्याने तयार ठेवलं होतं, आणि कार्यक्रमात तो वाजवलाही. ध्वनिमुद्रणात नीट कान दिला तर क्लॅप्टनच्या स्वरांत त्याची नेहमीची धार हरवलेली जाणवते. ज्या गाण्याला ताणून रडणारा सूर हवा तिथे त्याने पोकळ पेटीची गिब्सन घेतली होती. ती निवड चुकली असं त्याने स्वतःही पुढे म्हटलं. सूर लांबत नाही, मधेच विरतो. त्याच मंचावर तासाभरापूर्वी सतार आणि सरोद नुसती जुळवली तेव्हा अनभिज्ञ श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि रविशंकरांनी, जुळवणं इतकं आवडलं तर वादन आणखी आवडेल, अशी हळुवार समज दिली होती. वाद्य लावायला वेळ घेणारे ते तिघे-चौघे आणि लावायला वेळच न मिळालेला तो एक. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

पुढे १३ जुलै १९८५ला इथिओपियातल्या दुष्काळासाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. लंडन आणि फिलाडेल्फिया, दोन मैदानं, अर्ध्या जगाच्या दूरचित्रवाणीवर थेट. फिलाडेल्फियाला लेड झेपेलिन या रॉक बँडचे उरलेले सदस्य तुटपुंज्या तालमीवर उभे राहिले, जिमी पेजच्या हातात गिटार आली ती न लावलेली. तो तुकडा त्यांना इतका खुपला की १९ वर्षांनी डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी तो घालू दिला नाही. त्याच दिवशी लंडनला क्वीन या बँडने २० मिनिटांचं काम असं चोख बसवून आणलं होतं की आजही लोक त्या दिवसातलं तेवढंच आठवतात. दुष्काळ तोच, दिवस तोच, हेतूही तोच. फरक तालमीचा.

यापेक्षा अवघड आक्षेप पैशाबद्दलचा आहे आणि त्यापुढे मला बराच वेळ मान खाली घालून उभं राहावं लागतं. बांगलादेश मैफलीची खरी मोठी कमाई तिकिटांची नव्हतीच, ती तीन तबकड्यांच्या संचाची आणि चित्रपटाची. तो संच अमेरिकेत बाजारात आला डिसेंबर १९७१च्या अखेरीस. म्हणजे ढाक्यात शरणागती झाल्यानंतर. निर्वासित परतीच्या वाटेला लागले होते. आणि त्या विक्रीचा मोठा भाग अमेरिकेच्या करखात्याने अडकवला. कारण एवढंच की कार्यक्रम करण्याआधी कोणत्या धर्मादाय संस्थेसाठी तो आहे याची रीतसर नोंद केलेली नव्हती. सगळे भावनेच्या भरात, पाच-सहा आठवड्यांत उभं करायचं म्हणून धावत होते, आणि कागद करायचा राहिला. पैसा वर्षानुवर्षं अडकून पडला, मोठा हिस्सा सुटायला १९८०चं दशक उजाडलं. ब्रिटनच्या सरकारनेही विक्रीकर सोडायला नकार दिला. छावणीत कॉलऱ्याने तळमळणाऱ्या पोरासाठी विकलेली तबकडी, आणि तिचा पैसा ते पोर वाचलं असेल तर त्याला मिसरूड फुटताना पोचतो. याला काय म्हणायचं?

असंच १९८३मध्ये. रॉनी लेन हा बासवादक मल्टिपल स्क्लेरोसिसने खचत चालला होता. त्याच्या आजारावरच्या संशोधनासाठी सप्टेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज एका मंचावर आले. एकाच जुन्या बँडमधून एकापाठोपाठ एक गेलेले हे तिघे तोवर कधीच एकत्र वाजवले नव्हते. वाजवणं उत्तम झालं, मग अमेरिकेतही दौरा झाला. पण तिथल्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या कारभारावर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ती टिकली नाही. आणि इथिओपियाचं तर सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळग्रस्तांना सक्तीने दक्षिणेकडे हलवण्याच्या तिथल्या राजवटीच्या योजनेविरुद्ध बोलल्याबद्दल ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच पथकाला डिसेंबर १९८५मध्ये देशाबाहेर काढलं गेलं. जगभरातून आलेली मदत त्या राजवटीच्याही उपयोगी पडली हा आरोप सहज झटकून टाकता येत नाही.

म्हणून मदतीच्या मैफली बंद कराव्यात? इथे आक्षेप घेणारे एक पायरी गाळतात. वरच्या प्रत्येक उदाहरणात नासलं ते गिटारच्या तारेवर नव्हे, त्यानंतरच्या कागदावर. नोंदणी, विश्वस्त, लेखापरीक्षण, पैसा कोणाच्या हाती जातो याची खातरजमा. ही कामं कंटाळवाणी आहेत म्हणून ती दुसऱ्यावर ढकलली गेली. आपल्याकडे साध्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळालाही वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून ‘४१ क’खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर जमाखर्च द्यावा लागतो. आपण त्या नियमाला कटकट म्हणतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेमकी तीच कटकट कुणी केली नाही.

आणि पैसा हेच सगळं होतं असंही नाही. १९७१मध्ये एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आली होती. त्यांचा भार उचलला तो भारताने. त्या नोव्हेंबरपासून आपल्या पत्रांवर ५ पैशांचं जादा तिकीट लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. आमच्या घरातल्या जुन्या पाकिटांवर ते अजून चिकटलेलं आहे. त्या ५-५ पैशांपुढे, सरकारी खर्चापुढे अडीच लाख डॉलर म्हणजे थेंब. रविशंकरांची स्वतःची अपेक्षा तर २५ हजार डॉलरची होती. पण ज्या देशाचं सरकार तेव्हा पाकिस्तानच्या याह्याखानाला सांभाळून घेत होतं, त्याच देशात एका रविवारी ‘बांगलादेश’ हे नाव भिंतीभिंतींवर लागलं. अजून जगाच्या नकाशावर नसलेल्या देशाचं नाव. टपालतिकिटाला ते साधणारं नव्हतं. ‘धनादेश लिहून द्यायचा, वाजवायचं कशाला?’ असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. धनादेशातून एका माणसाचा पैसा जातो. मैफलीतून चाळीस हजार माणसं एका गोष्टीकडे एकाच वेळी मान वळवतात.

क्लॅप्टनच्या बाबतीत मला सगळ्यात विचार करायला लावतो तो त्याचा पुढचा प्रवास. तो नशेतून बाहेर आला, मग दारूतूनही. १९९८मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर त्याने व्यसनमुक्तीचं ‘क्रॉसरोड्स’ केंद्र उभं केलं. त्यासाठी १९९९मध्ये आपल्या १०० गिटार लिलावात काढल्या. त्यातली एकटी ‘ब्राउनी’ ४,९७,५०० डॉलरला गेली. २००४मध्ये आणखी लिलाव, त्यात ‘ब्लॅकी’ ९,५९,५०० डॉलरला. वादकाने वाद्य विकणं काय असतं हे ज्यांच्या घरात तानपुरा किंवा पेटी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच वर्षापासून डॅलसला सुरू झालेला गिटार महोत्सव दर काही वर्षांनी भरतो आणि त्यातून या केंद्राला पैसा मिळतो. २०१३च्या एप्रिलमध्ये तो भरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच. ज्या मंचावर ४२ वर्षांपूर्वी तो हेरॉइनशिवाय उभा राहू शकत नव्हता, त्याच मंचावर तो व्यसनी माणसांसाठी दोन रात्री वाजवत होता. त्यामुळे तो संत होत नाही. पण ते केंद्र एका रात्रीच्या उमाळ्यावर उभं नाही. पत्ता असलेली इमारत आहे, रुग्ण आहेत, आणि दर काही वर्षांनी नव्याने पैसा उभा करण्याची व्यवस्था आहे.

माझ्या मते या सगळ्यांत उजवा ठरतो तो मात्र रॉक गायक-गिटारवादक नील यंग. त्याच्या दोन्ही मुलग्यांना सेरेब्रल पाल्सी. कॅलिफोर्नियात त्याची तेव्हाची पत्नी पेगी हिच्यासोबत बोलता-चालता न येणाऱ्या मुलांसाठी ‘ब्रिज स्कूल’ उभी राहिली, आणि १९८६पासून २०१६पर्यंत, एखाददुसरं वर्ष वगळता, दर शरद ऋतूत त्या शाळेसाठी मैफल झाली. बहुतेक ध्वनिक वाद्यांवर, गोंगाट बाजूला ठेवून. शाळेतली मुलं मंचावरच, वादकांच्या मागे बसायची. मोठमोठे वादक वाजवताना मधेच मागे वळून पाहायचे. पैसा कुठे जातो हे प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागत नव्हतं, तो पैसा जिथे जाणार ते त्यांच्या समोर चाकाच्या खुर्चीत बसलेलं होतं. मुलांना मंचावर मांडून दया गोळा केली, असा आक्षेप कुणी घेईल. तो मी गंभीरपणे घेते, कारण आपल्याकडे अपंग मुलांच्या नावाने असं पुष्कळ होतं. पण एक वर्ष बसवणं आणि तीस वर्षं त्याच मुलांच्या शाळेचा खर्च उचलणं यांत फरक आहे. आणि ती मुलं बसत होती ती सगळ्यात चांगल्या जागेवर, मैफलीचे यजमान म्हणून. आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ उभं केलं, त्यात तर अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त माणसंच गातात-वाजवतात. तिकीट काढून येणाऱ्याला तिथे कीव करायला सवडच मिळत नाही.

हे सगळं मी दुरून लिहीत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही काही मित्रमैत्रिणींनी पुण्यात पूरग्रस्तांसाठी एक गाण्याचा कार्यक्रम केला. दोन मुलं गिटार घेऊन, एक संवादिनी, एक तबला. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. सभागृहाचं भाडं मात्र द्यावं लागलं, ध्वनियंत्रणेचं द्यावं लागलं, फलक छापले, चहा-वडे आले. तीनशे रुपयांच्या देणगी प्रवेशिका होत्या आणि दाराशी टेबलावर मी बसले होते. वादकांची तालीम एकदाच झाली होती, तीही अर्धवट, आणि ते मंचावर कळत होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या थोडं आधी एक वयस्कर गृहस्थ आले, खिशातून पैसे काढले आणि देण्याआधी विचारलं, ‘‘ताई, यातले किती रुपये सांगलीला जाणार, आणि कुणाकडे?’’

मला राग आला होता. इतक्या चांगल्या कामात संशय घेतात, असं वाटलं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने ‘‘काका, विश्वास ठेवा’’ असं म्हणून प्रवेशिका पुढे केली. त्यांनी ती घेतली, तीनशे रुपये दिले, आणि जाताना म्हणाले की कार्यक्रम झाल्यावर मी हिशेब बघायला थांबतो.

ते खरोखर थांबले. सभागृह रिकामं झालं, ध्वनियंत्रणावाल्याची माणसं वायरी गुंडाळत होती, आणि ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आमच्याकडे पावतीपुस्तक अर्धवट भरलेलं होतं, खर्चाच्या चिठ्ठ्या तिघांच्या खिशांत होत्या, आणि पैसे कोणाकडे पाठवायचे यावर आमचं अजून एकमत झालेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा माझ्या हातात दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता.